नागपूर विद्यापीठ विद्यार्थी संघ

नागपूर विद्यापीठाच्या संलग्न महाविद्यालयांतील विद्यार्थ्यांची निर्वाचित प्रतिनिधिसंस्था. बोलण्यात ती 'युनियन' म्हणूनच ओळखली गेली. १९९४ च्या विद्यापीठ कायद्यानंतर तिची जागा नियुक्त विद्यार्थी परिषदेने घेतली.

विद्यापीठ ४ ऑगस्ट १९२३ रोजी स्थापन झाले. नागपूरच्या विद्यार्थ्यांचे सार्वजनिक जीवन मात्र त्याआधीच सुरू झाले होते. हिस्लॉप (१८८३) आणि मॉरिस (१८८५) ही महाविद्यालये तेव्हा परप्रांतीय विद्यापीठांशी जोडलेली होती. डिसेंबर १९२० मध्ये असहकाराचा ठराव कायम करणारे काँग्रेस अधिवेशन नागपुरात भरले. त्याच दिवसांत लाला लजपतराय यांच्या अध्यक्षतेखाली महाविद्यालयीन विद्यार्थ्यांची अखिल भारतीय परिषदही इथेच झाली. १९३८ मध्ये 'वंदे मातरम्' म्हटल्याबद्दल उस्मानिया विद्यापीठातून काढलेल्या विद्यार्थ्यांना नागपूर विद्यापीठाने प्रवेश दिला. टी. जे. केदार तेव्हा कुलगुरू होते. निजामाच्या राज्यातून आलेल्या या मुलांमुळे इथल्या वसतिगृहांतले वातावरण आणखी तापले असणार.

डिसेंबर १९४० मध्ये ऑल इंडिया स्टुडंट्स फेडरेशनचे अधिवेशन नागपुरात झाले आणि तिथेच कम्युनिस्ट व राष्ट्रवादी असे दोन गट पडले. त्याच वर्षी फेडरेशनमध्ये आलेले अर्धेंदू भूषण बर्धन पुढे युनियनचे अध्यक्ष झाले. बारिसालमध्ये जन्मलेल्या या बंगाली तरुणाला नागपूरच्या विद्यार्थ्यांनी आपला म्हणून निवडले, ही या संस्थेच्या इतिहासातली सर्वांत अभिमानाची गोष्ट मानावी लागेल. बर्धन १९५७ मध्ये नागपुरातून आमदार झाले आणि १९९६ ते २०१२ भारतीय कम्युनिस्ट पक्षाचे सरचिटणीस होते.

युनियनची ताकद विद्यापीठाच्या विस्तारात होती. १९४६ मध्ये सागर विद्यापीठ निघेपर्यंत मध्य प्रांतातले हिंदी जिल्हेही नागपूरच्या कक्षेत होते, आणि १९८३ मध्ये अमरावती विद्यापीठ वेगळे होईपर्यंत बुलडाण्यापासून चंद्रपूरपर्यंतचा सगळा विदर्भ. महाविद्यालये विद्यापीठ प्रतिनिधी, म्हणजे 'यूआर', निवडून देत आणि हे यूआर अध्यक्ष व सचिव निवडत. खेड्यातून आलेल्या मुलाला सगळ्या विदर्भाची ओळख करून देणारी अशी दुसरी जागा क्वचितच होती. पण मतदार मोजकेच असल्याने एकेका मताला भलतीच किंमत आली. यूआर पळवणे, मतदानापर्यंत त्यांना गावाबाहेर ठेवणे हे प्रकार महाराष्ट्रभर रुळले, आणि त्यांत पैसा व दंडेली शिरली. १९८९ मध्ये मुंबईत अशाच निवडणुकीच्या वादात ओवेन डिसोझा या विद्यार्थी कार्यकर्त्याचा खून झाला. त्यानंतर राज्यभर या निवडणुका बंद झाल्या.

१९९४ च्या कायद्याने गुणवत्तेवर नियुक्ती आणली. हिंसा थांबली, पण वर्गावर्गांत फिरून मते मागण्याची, हरल्यावर पुन्हा उभे राहण्याची सवयही तुटली. परीक्षेत पहिला आलेला विद्यार्थी हुशार खरा. वसतिगृहाच्या पाण्यासाठी कुलगुरूंच्या दालनात भांडायला मात्र पाठीशी मते लागतात.

२००५ मध्ये विद्यापीठाला राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांचे नाव मिळाले. २०१६ च्या महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ कायद्याने निवडणुकीची तरतूद परत आणली. महाविद्यालयाचा अध्यक्ष, सचिव, वर्गप्रतिनिधी, एक महिला आणि एक राखीव प्रवर्गातील प्रतिनिधी थेट मतदानाने निवडायचे, असे त्यात ठरले. विद्यापीठ पातळीवर मात्र जुन्या यूआर पद्धतीसारखीच अप्रत्यक्ष निवड कायम राहिली. २०१९ मध्ये ठरलेल्या निवडणुका राज्य सरकारने पुढे ढकलल्या.