मेनफ्रेमवरचं ओपन सोर्स: श्रेय कुणाचं?

सांगली-साताऱ्याच्या कॉम्प्युटर क्लासेसमध्ये वर्षानुवर्षं फिरणारा समज: मेनफ्रेमवर, म्हणजे मोठ्या संस्थांच्या महाकाय संगणकांवर, ओपन सोर्स (कोड सर्वांना खुला असलेलं सॉफ्टवेअर) आणलं ते एकट्या मशीन बनवणाऱ्या कंपनीनं, आयबीएमनं. कंपनीचा वाटा मोठाच. पण 1999 अखेर तिनं लिनक्स या ओपन सोर्स प्रणालीसाठीचा आपला मेनफ्रेमचा कोड खुला केला, त्याआधीच स्वयंसेवकांनी लिनक्स मेनफ्रेमवर आणण्याचं काम सुरू केलं होतं.

मेनफ्रेमच्या स्वतःच्या मूळ प्रणालीवर ओपन सोर्स आणणं म्हणजे कोड नुसता कंपाइल करणं (मशीनला चालेल अशा रूपात बदलणं) नसतं. तिथल्या एब्सिडिक संकेतात, म्हणजे अक्षरांना आकडे देण्याच्या पद्धतीत, स्मॉल 'आय' 137 वर, तर 'जे' थेट 145 वर. 'ए' ते 'झेड' फिरणारा साधा लूपसुद्धा मधली भलती चिन्हं उचलतो. असे दोष चिकाटीनं हुडकणाऱ्यांची नावं घ्यायलाच हवीत.

श्रेय कुणाचं हे स्वतः तपासायचं तर कोडमधल्या बदलांची नोंद ठेवणाऱ्या गिटमधली 'गिट शॉर्टलॉग' ही आज्ञा चालवा. त्यात कोड लिहिणारे मोजले जातात. तो दाखल करून घेणारा बऱ्याचदा वेगळा असतो, गल्लत इथंच होते. लिनक्सचा गिटमधला इतिहास 2005 पासूनचा. त्याआधीसाठी फायलींच्या माथ्यावरची नावं आणि जुने पॅच (कोडमधल्या बदलांचे तुकडे) बघा.