व्यवसाय शिक्षणातील विद्यार्थ्यांचे धूम्रपान

वेल्डिंग, फिटिंग, वाहनदुरुस्ती, स्वयंपाक, केशकर्तन अशी हातची कामे शिकवणाऱ्या संस्थांतील विद्यार्थ्यांना जडणारी धूम्रपानाची सवय आणि ती सोडण्याचे त्यांचे प्रयत्न. युरोपातील अनेक देशांच्या पाहण्यांत, विद्यापीठाची वाट धरलेल्या समवयस्कांपेक्षा या मुलांत धूम्रपान जास्त आढळते. बरेच जण सवय घेऊनच दाखल होतात. घरची परिस्थिती हेही कारण आहे. पण तेवढ्यावर थांबले तर कार्यशाळा नजरेआड होते.

कार्यशाळेचा दिवस मधल्या सुट्ट्यांवर चालतो. मशीन बंद होते, हातमोजे निघतात, ओढणारे बाहेर पडतात. न ओढणारा आत लोखंडाचा चुरा झाडत बसतो. कामावर शिकाऊ म्हणून गेलेल्या नवख्याला जुन्या कारागिरांत मिसळायचे तर लायटर पुढे करण्याइतका सोपा रस्ता दुसरा नसतो. म्हणूनच ‘मी फक्त सुट्टीत ओढतो’ म्हणणारे पुष्कळ असतात आणि त्यांतल्या काहींचा रविवार खरोखरच सिगारेटविना जातो. अवलंबित्व मोजणाऱ्या फागरस्ट्रॉम चाचणीत (१९९१ची सुधारित आवृत्ती, सहा प्रश्न, १० गुण) उठल्यापासून पाच मिनिटांत पहिली सिगारेट ओढणाऱ्याला एकदम ३ गुण पडतात. सुट्टीपुरते ओढणारा तिथे जवळजवळ निर्दोष ठरतो, आणि हीच मोठी फसगत आहे.

रक्तातले निकोटीन साधारण दोन तासांत निम्मे होते. म्हणजे सुट्टीची घंटा आणि तलफ बहुधा एकाच वेळी येतात. सोडणाऱ्याची चिडचिड आणि अस्वस्थता पहिल्या दोन-तीन दिवसांत टोकाला जाते व दोन ते चार आठवड्यांत ओसरते. मदतीशिवाय सोडणाऱ्यांपैकी सहा महिने ते वर्षभर टिकणारे शेकडा ३ ते ५च. तेव्हा एकदा पुन्हा पेटवली म्हणून खचायचे कारण नाही. निकोटीनचे च्युइंगगम आणि पट्ट्या प्रौढांना उपयोगी पडतात. किशोरवयीनांबाबतचा पुरावा तोकडा आहे. धोका मात्र वयाला थांबत नाही: वेल्डिंगचा धूर २०१७ मध्येच कर्करोगजनक ठरला आहे, आणि सिगारेट त्यावर भर घालते.

डेन्मार्कने २०२१ पासून व्यवसाय शिक्षणासह तरुणांच्या शिक्षणसंस्थांत शिकण्याची पूर्ण वेळ, आवाराबाहेरही, धूम्रपानमुक्त केली. नुसत्या आवारबंदीने घोळका फाटकापलीकडे सरकतो, एवढेच; कधीकधी त्यात शिकवणारेही असतात.