चाचेगिरीविरुद्ध सरकार आणि जहाज कंपन्या: पार्श्वभूमी

पुण्याला समुद्र नाही, पण इंदोरी आणि लोणी काळभोरच्या सागरी प्रशिक्षण संस्थांमधून कॅडेट थेट जहाजांवर जातात. येमेन आणि सोमालियामधल्या एडनच्या आखातातून, म्हणजे चाच्यांच्या पाण्यातून, जाण्याची वेळ आली की घरच्यांच्या पोटात गोळा येतो. म्हणून ही पार्श्वभूमी.

नोव्हेंबर १९९९ मध्ये 'अलोन्ड्रा रेनबो' हे चोरलेले मालवाहू जहाज भारतीय नौदल आणि तटरक्षक दलाने पकडले. मुंबईच्या सत्र न्यायालयाने २००३ मध्ये आरोपींना शिक्षा सुनावली, पण उच्च न्यायालयाने २००५ मध्ये त्यांना सोडून दिले. चाचेगिरीसाठी वेगळा कायदाच आपल्याकडे नव्हता.

२००८ मध्ये सोमाली चाच्यांनी धुमाकूळ घातला आणि ऑक्टोबरपासून भारतीय युद्धनौका एडनच्या आखातात गस्त घालू लागल्या. मात्र एवढ्या पसरलेल्या समुद्रात नुसत्या युद्धनौका पुरत नाहीत. व्यापारी जहाज कुठे आहे हे आधी कळायला हवे. त्यासाठी जहाज कंपन्यांच्या संघटनांनी नौदलांबरोबर बसून 'बीएमपी' (बेस्ट मॅनेजमेंट प्रॅक्टिसेस) ही चाच्यांपासून बचावाची नियमावली तयार केली. धोक्याच्या क्षेत्रात शिरण्याआधी नोंदणी, यूकेएमटीओला (व्यापारी जहाजांशी संपर्क ठेवणारे ब्रिटिश नौदलाचे केंद्र) पहिला अहवाल, मग रोजची स्थिती. कठड्याला काटेरी तारेची वेटोळी, पंपाचे पाण्याचे फवारे, जादा पहारेकरी, शक्य तेवढा वेग. १८ नॉटपेक्षा (ताशी सुमारे ३३ किलोमीटर) जास्त वेगात असलेल्या जहाजावर चाचे चढू शकल्याची नियमावलीच्या २०११ च्या चौथ्या आवृत्तीपर्यंत नोंद नव्हती. वेग कमी आणि डेक पाण्याच्या जवळ, अशा जहाजाला धोका जास्त.

शेवटचा आसरा म्हणजे सिटाडेल, आतून बंद होणारी मजबूत जागा. इथेच घोळ होतो. एक जरी माणूस बाहेर राहिला, तरी तो ओलीस ठरतो आणि कमांडोंना जहाजावर चढणे अवघड होते. बाहेरच्यांशी बोलायला स्वतंत्र दूरसंचार नसला, तर सगळे आत आहेत हे नौदलाला कळतच नाही. जानेवारी २०२४ मध्ये चाचे चढले तेव्हा 'लीला नॉरफोक' जहाजाचे २१ जण सिटाडेलमध्ये होते आणि सुखरूप सुटले.

सहकार्यात चुकाही झाल्या. २०१० मध्ये जहाज कंपन्यांच्या संघटनांनी आखलेल्या अतिधोक्याच्या क्षेत्राची रेषा ७८ अंश पूर्व रेखांशापर्यंत आली आणि आपला पश्चिम किनारा त्यात गेला. विमा महागला. जहाजांवरचे सशस्त्र रक्षक आपल्या मच्छीमारांच्या पाण्यातून जाऊ लागले. फेब्रुवारी २०१२ मध्ये केरळजवळ एका जहाजावर रक्षक म्हणून असलेल्या इटालियन नौसैनिकांच्या गोळीबारात दोन मच्छीमार मारले गेले. ही रेषा ६५ अंशांवर मागे न्यायला डिसेंबर २०१५ उजाडले. आमच्या मते हा उशीर अक्षम्य होता.

चाचेगिरीविरोधी वेगळा कायदा आपल्याकडे २०२२ मध्ये संमत झाला. मार्च २०२४ मध्ये 'आयएनएस कोलकाता'ने 'रुएन' जहाजावर पकडलेले ३५ चाचे त्याच महिन्याच्या २३ तारखेला मुंबईत पोलिसांच्या ताब्यात दिले, ते या कायद्याखाली.