द्रोण उलगडला की मुळं दिसतात

2024 च्या नोव्हेंबरात ‘साडीमुळे कॅन्सर’ अशा मथळ्यांच्या बातम्या मोबाइलवर फिरल्या. आमच्याकडच्या बायांनी त्या वाचल्या, घाबरल्या आणि चार दिवसांत विसरल्या. बातमीचं मूळ आपल्याच भागातलं होतं. वर्ध्याच्या आणि बिहारमधल्या मधुबनीच्या डॉक्टरांनी ‘बीएमजे केस रिपोर्ट्स’ या नियतकालिकात दोन बायांच्या आजाराची हकिकत छापली होती. एक 70 वर्षांची. परकराची नाडी करकचून बांधायची सवय, आणि उजव्या कुशीला 18 महिने बरी न होणारी जखम. दुसरी सत्तरीला टेकलेली, 40 वर्षं लुगडं नेसलेली. लुगड्याला आतून परकर नसतो, तेच कमरेला आवळतात. तिची जखम 2 वर्षांची होती आणि कॅन्सर जांघेतल्या एका गाठीपर्यंत (लसिकाग्रंथीपर्यंत) पोचला होता.

साडीनं कॅन्सर होतो हे मथळेवाल्यांचं म्हणणं खोटं आहे. होतं ते असं: एकाच जागी रोज घासलं जातं, घाम मुरतो, कातडी फुटते, भरते, परत फुटते. जखम भरायची म्हणजे पेशींनी विभागत राहायचं. हे वर्षानुवर्षं चाललं की कधीतरी एखादी पेशी थांबायचं विसरते. जुन्या जखमेत, भाजल्याच्या व्रणात होणाऱ्या अशा कॅन्सरला ‘मार्जोलिन अल्सर’ म्हणतात, कारण जाँ-निकोला मार्जोलिन या फ्रेंच सर्जननं 1828 मध्ये अशा जखमांचं वर्णन केलं. आपल्याकडे मुंबईचे पॅथॉलॉजिस्ट डॉ. खानोलकर यांनी 1945 मध्ये धोतराच्या गाठीखाली होणाऱ्या कॅन्सरची नोंद केली होती. म्हणजे गोष्ट नवी नाही, आणि फक्त बायांचीही नाही.

माझी मोठी आई कापूस वेचून आली की पहिल्यांदा नाडी सैल करते. तिच्या कमरेवर बोटभर रुंदीचा काळा, चकचकीत पट्टा आहे आणि गाठ बसते तिथली कातडी कांद्याच्या पापुद्र्यासारखी पांढरी पडली आहे. मागच्या पावसाळ्यात तिथं चिघळलं ते दोन महिने वाळेना. डॉक्टरला दाखव म्हटलं तर म्हणाली, “दाखवलं का थे कापतीन. अन् चाकू लागला का पसरते म्हनतात न बाप्पा!” शेवटी गेली, तुकडा काढून तपासला, कॅन्सर निघाला नाही. पण तिचं वाक्य माझ्या डोक्यातून जात नाही. मी पॅथॉलॉजीच्या लॅबमध्ये टेक्निशियन आहे, कापून काढलेले तुकडे माझ्या हातातून जातात. चाकूनं पसरतं ही समजूत कुठून आली असेल, हे मला तिथं बसून कळतं.

शेतातला कुंदा आठवा. वर दिसतं मूठभर गवत, खाली काळ्या मातीत कांड्या कुठवर गेल्या त्याचा पत्ता नसतो. वरचं उपटलं आणि कांडी राहिली, तर पुढच्या पावसात तो दुप्पट जोमानं येतो. बघणाऱ्याला वाटतं, खणला म्हणून वाढला! कातडीच्या कॅन्सरचंही तेच. वर वाटाण्याएवढा फोड, आणि खाली डोळ्यांना न दिसणारी मुळं एखाद्याच बाजूला लांब गेलेली.

नेहमीच्या शस्त्रक्रियेत सर्जन दिसणाऱ्या गाठीभोवती चार ते सहा मिलिमीटर, धोका जास्त वाटला तर त्याहून जास्त, चांगली कातडी घेऊन कापतो. तुकडा फॉर्मॅलिनच्या डबीत आमच्याकडे येतो. आम्ही ब्रेडच्या स्लाइससारख्या त्याच्या उभ्या चकत्या करतो आणि प्रत्येक चकतीतून एक पातळ पापुद्रा काढून काचेवर घेतो. आता हिशेब करा. तुकडा 2 सेंटिमीटर लांब, म्हणजे 20,000 मायक्रॉन. पाच चकत्या, प्रत्येकीचा पापुद्रा 5 मायक्रॉनचा. पाहिलं किती? 25 मायक्रॉन. हजारात सव्वा भाग. पाच ओळी पाहून सगळं वावर निंदलं म्हणायचं, असंच हे. बहुतेकदा निभतं, कारण सभोवती चांगली कातडी घेतलेली असते. पण मूळ दोन चकत्यांच्या मधून गेलं असेल तर रिपोर्टमध्ये ‘कडा स्वच्छ’ येतं आणि दोन वर्षांनी पेशंट परत येतो.

यावरचा उपाय मला इतका आवडतो की भेटेल त्याला सांगत असतो. त्याचं नाव मोझ सर्जरी. यात सर्जन सुरी सरळ न धरता साधारण 45 अंशांत तिरपी धरतो, त्यामुळे तुकडा बशीसारखा, उतरत्या काठांचा निघतो. काढण्याआधी काठावर आणि शेजारच्या कातडीवर एकाच जागी बारीक खूण करतात, घड्याळातल्या बारासारखी. मग काठांना वेगवेगळे रंग लावतात आणि कागदावर नकाशा काढतात.

इथून पुढे पळसाच्या पानाचा द्रोण डोळ्यांपुढे आणा. द्रोणाच्या काड्या काढून तळव्यानं दाबला की तो परत सपाट पान होतो, काठ आणि बूड एका पातळीत येतात. तुकड्यालाही तसंच दाबून सपाट करतात. द्रोणाची बाहेरची बाजू, म्हणजे जी क्षणापूर्वी पेशंटच्या अंगाला चिकटलेली होती, ती पात्याकडे करून क्रायोस्टॅटमध्ये ठेवतात. क्रायोस्टॅट म्हणजे उणे 20-25 अंशांची पेटी, तिच्यात कापायचं यंत्र. तुकडा काही मिनिटांत दगडासारखा गोठतो आणि पातं त्या बाहेरच्या बाजूचा 5 ते 8 मायक्रॉनचा पापुद्रा काढतं. काचेवर तो उतरवताना श्वास रोखावा लागतो, फुंकरीनं घडी पडते.

या एका पापुद्र्यात सगळा काठ आणि सगळं बूड येतं. हजारात सव्वा नव्हे, सगळंच. तिथं कॅन्सरची पेशी दिसली तर तिची जोडीदार पेशंटच्या अंगात अजून आहे. नकाशावर ती चार वाजता दिसली, तर सर्जन परत जाऊन फक्त चार वाजताच्या जागेचा आणखी एक थर कापतो. बाकीच्या कातडीला हात लागत नाही. स्वच्छ पापुद्रा येईपर्यंत हेच. पहिल्यांदाच झालेल्या बेसल सेल कॅन्सरमध्ये (हा कातडीच्या कॅन्सरचा एक प्रकार) या पद्धतीनं पाच वर्षांत आजार परत न येण्याचं प्रमाण 98-99 टक्क्यांच्या घरात आहे.

फ्रेडरिक मोझ यांनी हे 1930 च्या दशकात अमेरिकेतल्या विस्कॉन्सिनमध्ये सुरू केलं. तेव्हा ते झिंक क्लोराइडचा लेप लावून कातडी जागच्या जागी घट्ट करायचे आणि मग कापायचे. त्या लेपात एक वनस्पतीही होती. आज तसलेच काळे मलम ‘कॅन्सर उपसून काढतो’ म्हणून इंटरनेटवर विकतात, आणि गावात कुणी बिब्बा लावतं, कुणी डागणी देतं. मोझांच्या लेपानं कुणी बरं झालं नाही, बरं झालं ते प्रत्येक थर सूक्ष्मदर्शकाखाली पाहिल्यानं. नुसतं जाळलं की वर खपली धरते, खाली मूळ जिवंत राहतं. डागणीचा व्रण तर पुढे स्वतःच मार्जोलिन होऊ शकतो. 1970 च्या दशकापासून लेप मागे पडला, ताजा तुकडा गोठवूनच तपासतात.

ही सर्जरी सगळ्यांसाठी नाही. तिची खरी जागा नाक, पापण्या, ओठ, कान, जिथं मिलिमीटरभर कातडी वाचली तरी चेहरा वाचतो. शिवाय परत आलेला कॅन्सर आणि ज्याच्या कडा नीट दिसत नाहीत असा. कमरेवर कातडी भरपूर असते, तिथं रुंद काप घेणं बहुधा सोपं. आणि कॅन्सर जांघेतल्या गाठीत गेला असेल, तर कातडी कितीही बारकाईनं तपासली तरी ती गाठ तशीच राहून जाते. म्हणून जांघ, काख, मान डॉक्टरनं चाचपून पाहिली की नाही, हे लक्षात ठेवा.

ज्यांची होते त्यांना फक्त ती जागा बधिर करतात, पेशंट जागा असतो. कापायला थोडा वेळ, तपासायला तासभर, मग पट्टी बांधून बाकावर बसायचं. दोन-तीन फेऱ्या झाल्या तर दिवस जातो. डबा न्या, सोबत माणूस न्या. शेवटी खड्डा शिवतात, शेजारची कातडी सरकवतात किंवा तसाच भरू देतात. रक्त पातळ करायची गोळी चालू असेल तर आधी सांगा, मनानं बंद करू नका.

ही सोय मोठ्या शहरांतल्या मोजक्याच ठिकाणी आहे. आपल्या जवळ नसली तरी विचारता येतं: ऑपरेशन चालू असताना कडा गोठवून तपासणार का? नाही तर रिपोर्ट येईपर्यंत जखम दुसरीकडच्या कातडीनं झाकायचं थांबवता येईल का? महात्मा फुले जन आरोग्य योजनेत हे बसतं का? आणि रिपोर्टमध्ये कॅन्सर आणि कापाची कड यांच्यामधलं अंतर किती मिलिमीटर आहे, ते वाचून घ्या. तिथं नुसतं ‘काढलं’ लिहिलं असेल तर परत लॅबच्या खिडकीवर या. तुकड्याचे मेणातले ब्लॉक आम्ही जपून ठेवतो, पुन्हा कापून पाहता येतात.

मोठी आई आता नाडीऐवजी रुंद पट्टा शिवलेला परकर घालते, गाठ एक दिवस डावीकडे, एक दिवस उजवीकडे. पांढरी जागा मी महिन्याला पाहतो.