शिक्षक आमदारकीची पत्रके आणि त्यामागचे शासन निर्णय

शिक्षक मतदारसंघातून विधान परिषदेला उभ्या राहिलेल्या उमेदवाराचे पत्रक हाती आले, की पक्षाचे नाव झाकून वाचून पाहावे. कोणाचे आहे ते सांगता येत नाही. जुनी पेन्शन, शंभर टक्के अनुदान, अतिरिक्त शिक्षकांचे (पट घटल्याने पद गेलेल्यांचे) दुसऱ्या शाळेत समायोजन, अशैक्षणिक कामांतून सुटका, पगार एक तारखेला, वैद्यकीय आणि फरकाची बिले वेळेत. क्रम तेवढा मागेपुढे होतो. यातल्या बहुतेक कलमांमागे एखादा शासन निर्णय असतो आणि त्याची तारीख शिक्षकांना तोंडपाठ असते. पुणे आणि अमरावती शिक्षक मतदारसंघांतल्या आमदारांची मुदत डिसेंबर २०२६ मध्ये संपते. तेव्हा हीच पत्रके पुन्हा निघणार, म्हणून ती कुठून आली ते पाहिलेले बरे.

आधी जागेबद्दल. घटनेच्या १७१ व्या कलमाने विधान परिषदेच्या सुमारे एक बारांश जागा शिक्षकांनी निवडून द्यायच्या ठेवल्या. महाराष्ट्राच्या ७८ सदस्यांच्या परिषदेत अशा ७ जागा आहेत: मुंबई, कोकण, पुणे, नाशिक, औरंगाबाद (आताचे छत्रपती संभाजीनगर), अमरावती आणि नागपूर. मतदार व्हायचे तर मागच्या सहा वर्षांत किमान तीन वर्षे माध्यमिक किंवा त्यावरच्या संस्थेत शिकवलेले असावे लागते. जिल्हा परिषदेच्या प्राथमिक शाळेतले गुरुजी आणि बाई या यादीत नाहीत. राज्यातला शिक्षकांचा सर्वांत मोठा वर्ग शिक्षक आमदार निवडण्यात नाही, हे बाहेरच्या माणसाला सांगूनही खरे वाटत नाही.

मतदार शिक्षक असावा लागतो, उमेदवार मात्र नसला तरी चालतो. मद्रासच्या पदवीधर मतदारसंघाच्या एका खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १९७२ साली निर्वाळा दिला, की उमेदवार स्वतः पदवीधर असण्याची अट नाही. तोच न्याय इकडेही लागू झाला. मुंबईतून २००६ पासून सलग तीन वेळा निवडून आलेले कपिल पाटील मूळचे पत्रकार.

मतदार यादी दर निवडणुकीला नव्याने होते. अर्ज १९ क्रमांकाच्या नमुन्यात, सोबत संस्थाप्रमुखाचा दाखला. त्यामुळे संस्थाचालकांचे वजन पहिल्या पायरीपासूनच जाणवते. मत पसंतीक्रमाचे: मतदान केंद्रावर मिळालेल्या जांभळ्या पेनाने नावासमोर आकडा लिहायचा. अक्षरी ‘एक’ लिहिले किंवा बरोबरची खूण केली तर मत बाद. आयुष्यभर उत्तरपत्रिका तपासणाऱ्यांचीही मते यात बाद होतात.

एके काळी ही निवडणूक संघटनांची होती. विदर्भात विदर्भ माध्यमिक शिक्षक संघ, इतरत्र टीडीएफ (टीचर्स डेमोक्रॅटिक फ्रंट), भाजपच्या जवळची शिक्षक परिषद, मुंबईत पुढे शिक्षक भारती. आता पक्ष उघडपणे उतरतात. २०२४ मध्ये नाशिकला सफारीचे कापड, पैठणी आणि नथी वाटल्याच्या बातम्या वर्तमानपत्रांत झळकल्या होत्या.

आता मुख्य कलम, अनुदान, म्हणजे खासगी शाळेतल्या शिक्षकांच्या पगारासाठी सरकार देते तो पैसा. पाचव्या वेतन आयोगाने तिजोरीवर ताण आणला होता. २००१ मध्ये सरकारने ठरवले, की नव्या शाळांना परवानगी मिळेल, पण ‘कायम विनाअनुदानित’ या अटीवर. संस्थाचालकांनी अट मान्य करून शाळा काढल्या, शिक्षक नेमले आणि अटीचे ओझे त्या शिक्षकांच्या पगारावर आले. जुलै २००९ मध्ये ‘कायम’ हा शब्द वगळला. शब्द गेला तरी पैसा लगेच आला नाही. शाळांचे मूल्यांकन, पात्र-अपात्र याद्या, त्रुटी, पुन्हा तपासणी यांत वर्षे गेली. २०१६ मध्ये पहिला टप्पा मिळाला, २० टक्क्यांचा. पूर्ण पगार ५० हजार धरला, तर सरकारकडून हातात १० हजार. उरलेले संस्थेने द्यायचे असतात. ती किती देते, हे स्टाफरूममध्ये कुणी कुणाला विचारत नाही.

तेव्हापासून ‘वाढीव टप्पा’ हे शब्द पत्रकांतून हललेले नाहीत, आणि टप्पे मिळतात ते निवडणुकीच्या पंचांगाप्रमाणे. डिसेंबर २०२२ मध्ये मंत्रिमंडळाने वाढीव अनुदानाला मंजुरी दिली. पुढच्याच महिन्यात शिक्षक मतदारसंघांचे मतदान होते. विधानसभेच्या तोंडावर ऑक्टोबर २०२४ मध्ये आणखी एका टप्प्याचा शासन निर्णय निघाला, पण आर्थिक तरतूद झाली नाही. ती मिळवायला जुलै २०२५ मध्ये हजारो शिक्षक भर पावसात आझाद मैदानात बसले. ‘अनुदान मिळवून दिले’ असे उमेदवार सांगतो तेव्हा एकच विचारावे: निर्णय मिळवून दिला की तरतूद?

दुसरे कलम पेन्शनचे. १ नोव्हेंबर २००५ रोजी किंवा त्यानंतर सेवेत आलेल्यांना जुनी पेन्शन नाही, हा राज्याचा निर्णय सगळ्याच कर्मचाऱ्यांना लागला. शिक्षकांच्या बाबतीत त्याला एक जास्तीचा काटा आहे. नेमणूक २००५ च्या आधीची, पण शाळा शंभर टक्के अनुदानावर आली ती नंतर. अशांना शासनाने नव्या, पगारातल्या वर्गणीवर चालणाऱ्या पेन्शन योजनेत ढकलले. सोळा-सतरा वर्षे एकाच फळ्यासमोर उभे राहिलेल्या दोन शिक्षकांपैकी एकाला पेन्शन आहे आणि दुसऱ्याला नाही, ते केवळ शाळेच्या कागदावरच्या तारखेमुळे. ही प्रकरणे न्यायालयांत वर्षानुवर्षे चालली.

या कलमाने निवडणूक फिरू शकते हे ३० जानेवारी २०२३ च्या मतदानात दिसले. डिसेंबर २०२२ मध्ये नागपूरच्या अधिवेशनात तेव्हाचे उपमुख्यमंत्री आणि अर्थमंत्री देवेंद्र फडणवीस यांनी जुनी पेन्शन देता येणार नाही, राज्याला ती झेपणार नाही, असे स्पष्ट सांगितले. त्याच महिन्यात हिमाचल प्रदेशात जुन्या पेन्शनचे आश्वासन देणारा काँग्रेस पक्ष सत्तेवर आला होता. महिन्याभरात प्रचारसभांतला सूर मवाळ झाला आणि आम्ही याबाबत नकारात्मक नाही असे सांगणे सुरू झाले. निकालात नागपूरला दोन वेळचे आमदार नागो गाणार यांना महाविकास आघाडीचा पाठिंबा असलेल्या सुधाकर अडबाले यांनी हरवले. कोकणची जागा मात्र भाजपच्या ज्ञानेश्वर म्हात्रे यांनी जिंकली, तेव्हा सगळे श्रेय पेन्शनला देणेही घाईचे. मार्चमध्ये ‘एकच मिशन, जुनी पेन्शन’ म्हणत राज्यभरातले कर्मचारी आठवडाभर संपावर गेले.

बाकीची कलमे थोडक्यात. शिक्षणसेवक योजना २००० सालची, तीन वर्षे मानधनावर. सुरुवातीला प्राथमिकला ३ हजार, माध्यमिकला ४ आणि कनिष्ठ महाविद्यालयाला ५ हजार. २०२३ मध्ये ते १६, १८ आणि २० हजार झाले. मानधन वाढले, योजना तशीच राहिली. २ मे २०१२ रोजी भरतीवर बंदी आली. त्यानंतर संस्थांनी केलेल्या नेमणुकांच्या मान्यता अडकल्या आणि त्यातून शालार्थ आयडीचा, म्हणजे सरकारी पगार ऑनलाइन निघण्यासाठी लागणाऱ्या क्रमांकाचा, बाजार उभा राहिला. नागपुरात २०२५ मध्ये बोगस आयडीचे प्रकरण उघडकीला आले, अधिकाऱ्यांना अटक झाली. या विषयावर पत्रके एरवीपेक्षा जपून बोलतात, कारण आयडी देणारा, घेणारा आणि मध्यस्थ यांतले बरेच जण मतदाराच्या ओळखीचे असतात. अशैक्षणिक कामांचे आश्वासन कोणीही देतो, पण शिक्षण हक्क कायद्याच्या २७ व्या कलमानेच जनगणना, निवडणूक आणि आपत्ती निवारण ही कामे शिक्षकांकडून घेण्याची मुभा ठेवली आहे. आमदाराला तिथे फार काही करता येत नाही.

१५ मार्च २०२४ च्या संचमान्यतेच्या (पटावरून शाळेतली शिक्षकपदे ठरवण्याच्या) निर्णयाने कमी पटाच्या शाळांतली पदे धोक्यात आली. हे कलम निदान गावाशी जोडलेले आहे. डोंगरी भागात नववी-दहावीचे वर्ग गेले, तर मुलांना, विशेषतः मुलींना, एसटीने पुढच्या गावी जावे लागते. तरीही पत्रकात वाक्य येते ते ‘पदांना संरक्षण’ असेच. मुलांना मत नाही. पालकांना इथे मत नाही.

नवे कलम टीईटीचे, म्हणजे शिक्षक पात्रता परीक्षेचे. १ सप्टेंबर २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने, महाराष्ट्रातूनच गेलेल्या प्रकरणासह इतर अपिलांवर, निवृत्तीला पाच वर्षांहून जास्त काळ उरलेल्या सेवेतल्या शिक्षकांना दोन वर्षांत टीईटी उत्तीर्ण होण्याचे बंधन घातले. पाचपेक्षा कमी वर्षे उरलेल्यांना नोकरीत राहता येईल, पण परीक्षेशिवाय बढती नाही. परीक्षा पहिली ते आठवीला शिकवणाऱ्यांची. म्हणजे फटका सर्वाधिक बसणार तो जिल्हा परिषदेच्या शिक्षकांना, ज्यांचे नाव या मतदार यादीत नाही. पाचवी ते आठवीचे वर्ग असलेल्या माध्यमिक शाळांमुळे काही मतदारही त्यात सापडतात. ही संख्या उमेदवारांना किती मोठी वाटते, त्यावर २०२६ च्या पत्रकात टीईटी कितव्या क्रमांकावर येईल ते ठरेल. न्यायालयाची मुदत सप्टेंबर २०२७ च्या सुरुवातीला संपते.