चांदणीकडं बघणारी मुलगी : रेट सिंड्रोम आणि नजरेच्या अभ्यासाची पार्श्वभूमी

सेगुइनचा फॉर्म बोर्ड म्हणजे मुलांची समज तपासायची एक लाकडी फळी. तिच्यात गोल, चौकोन, चांदणी, फुली अशा दहा आकारांच्या खाचा आणि तेवढेच ठोकळे. मुलानं ठोकळे आपापल्या खाचेत बसवायचे, समोरच्यानं घड्याळ लावून वेळ मोजायचा. कोल्हापुरातल्या एका केंद्रात ही फळी सहा वर्षांच्या मुलीसमोर ठेवली होती. तिचे दोन्ही हात छातीशी गुंतलेले, साबण लावून धुतल्यासारखे सारखे चोळत. ठोकळा काही तिनं उचलला नाही. कागदावर शेरा पडला : सहकार्य नाही, आकलन अत्यल्प. आईचं म्हणणं एवढंच, "अहो, ती चांदणीकडं बघायली होती की."

मुलीला रेट सिंड्रोम आहे. साधारण दहा हजार मुलींमागे एकीला होणारा हा आजार. पहिले सहा ते अठरा महिने सगळं सुरळीत चाललेलं असतं. मग आलेले शब्द जातात, वस्तू धरणारे हात धरेनासे होतात आणि ते चोळणं सुरू होतं. रांगत्या-बोलत्या पोरीचं असं अचानक व्हायला लागल्यावर आजीनं मीठ-मोहऱ्या ओवाळून दृष्ट काढली, यात नवल काही नाही. डॉक्टरांनाही बरीच वर्षं यापेक्षा फार काही सांगता येत नव्हतं.

व्हिएन्नाचे बालरोगतज्ज्ञ आंद्रेआस रेट यांना 1954 मध्ये आपल्याच दवाखान्यात, बाहेर थांबलेल्यांमध्ये, दोन मुली दिसल्या. दोघी आपापल्या आईच्या मांडीवर, दोघींचे हात अगदी एकसारखे चोळत. 1966 मध्ये त्यांनी त्यावर जर्मनमध्ये लिहिलं. रक्तातल्या वाढलेल्या अमोनियाला धरून त्यांनी मांडलेला अंदाज चुकला आणि ते लेखन फारसं कुणी वाचलंही नाही. स्वीडनचे बेंग्ट हागबर्ग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1983 मध्ये 35 मुलींची माहिती इंग्रजीत छापली, तेव्हा कुठं आजाराला जगभर नाव मिळालं. मात्र त्या लेखाच्या मथळ्यातच ऑटिझमच्या जोडीला 'डिमेन्शिया' हा शब्द होता, म्हणजे बुद्धीचा ऱ्हास. माझ्या मते पुढच्या दोन-तीन दशकांचं नुकसान त्या एका शब्दानं केलं. बुद्धी गेलीच आहे म्हटल्यावर ती मोजायला कोण बसतंय?

1999 मध्ये ह्यूस्टनच्या हुदा झोग्बी यांच्या प्रयोगशाळेनं कारण शोधलं : एक्स गुणसूत्रावरच्या एमईसीपी2 या जनुकातला बिघाड. तो बहुतेक वेळा नव्यानंच होतो, आणि तोही बापाकडून आलेल्या एक्स गुणसूत्रावर. गरोदरपणी ग्रहण पाळलं नाही म्हणून सुनेला बोल लावणाऱ्या घरांत हे वाक्य मोठ्यानं वाचून दाखवावं. 2007 मध्ये एडिनबरोच्या एड्रियन बर्ड यांच्या गटानं आजारी उंदरांमध्ये बंद ठेवलेला हाच जनुक पुन्हा चालू केला आणि बरीचशी लक्षणं मागं हटली. म्हणजे मेंदूतल्या पेशी मेलेल्या नव्हत्या. 'ऱ्हास' हा शब्द तिथंच डळमळला.

डोळ्यांच्या हालचालींचा अभ्यास तोवर वेगळ्याच वाटेनं चालला होता. वाचताना डोळा ओळीवरून घसरत जात नाही, टप्प्याटप्प्यानं उड्या मारतो, हे पॅरिसमध्ये एमिल जावाल यांच्या प्रयोगशाळेत एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस लक्षात आलं. त्या उड्या टिपायला अमेरिकेत एडमंड ह्यूई यांनी माणसाच्या डोळ्यावर प्लास्टरची वाटी बसवून तिला काटा जोडला. वाचतानाही अंगावर काटा येतो! तान्ह्या बाळांसाठी रॉबर्ट फँट्झ यांनी 1950-60च्या दशकांत सोपी युक्ती केली. बाळाला पेटीत निजवायचं, वर दोन चित्रं लावायची आणि छताच्या भोकातून बघायचं, की बाळाच्या बुबुळात कुठल्या चित्राचं प्रतिबिंब जास्त वेळ दिसतंय. बाळ डाव्या-उजव्या सवयीनं बघत नाही ना, हे कळावं म्हणून चित्रांच्या जागा बदलायच्या. बोलता न येणाऱ्याला प्रश्न विचारायची ही रीत. आज छताच्या भोकाची जागा इन्फ्रारेड कॅमेऱ्यानं घेतली आहे.

आपल्याकडच्या चाचण्यांना मात्र तोंड नाहीतर हात लागतोच. मराठी आणि कानडी मुलांसाठी वि. वि. कामत यांनी 1930च्या दशकात बिने या बुद्धिमापन चाचणीचं रूपांतर केलं, ते आपल्या भागासाठी मोठंच काम. पण उत्तर सांगायचं किंवा करून दाखवायचं, हे तिथंही गृहीत आहे.

दोन्ही वाटा एकत्र आल्या त्या अलीकडे. 2006 मध्ये ब्राझीलच्या संशोधकांनी रेट सिंड्रोम असलेल्या मुलींची समज नजरेवरून तपासली. सांगितलेल्या चित्राकडं बघ, एवढंच काम होतं. 2012 मध्ये न्यूयॉर्कच्या अलेक्सांड्रा जुकिक यांनी दाखवलं, की या मुली वस्तूंपेक्षा माणसांकडं, त्यातही डोळ्यांकडं जास्त बघतात. ऑटिझमच्या नेहमीच्या चित्राच्या, म्हणजे नजर टाळण्याच्या, हे उलटच. पण हुरळून जायचं कारण नाही. नजरेच्या चाचण्यांतही या मुली बरोबरीच्या मुलांच्या मागं पडतात. त्या कमी ठिकाणी बघतात, एका चित्रावरून नजर सुटायला वेळ लागतो आणि नवं-जुनं ओळखण्यातही त्या कमी पडतात. शिवाय नजर वाचणारा माणूस आपल्या मनातलं उत्तर त्यात घुसडू शकतो. आणि सगळ्यात मोठी अडचण वेळेची. यांचं उत्तर उशिरा येतं, तोवर विचारणारा पुढच्या प्रश्नावर गेलेला असतो.

त्याच मुलीच्या घरी, रविवारी दुपारी, आईनं दोन हातांत दोन वाट्या धरल्या. उजवीकडं तांबडा रस्सा, डावीकडं पांढरा. "कुठला, बाळा?" मुलीनं मान फिरवली, दोन-तीनदा श्वास रोखला. बराच वेळ गेला. आई गप्पच. मग नजर पांढऱ्यावर येऊन थांबली. आईनं वाट्यांची अदलाबदल केली आणि पुन्हा विचारलं. या खेपेलाही नजर उशिराच आली, पण पांढऱ्याच्या मागोमाग उजवीकडं आली. "बघितलासा? पांढराच मागायलीय," म्हणत तिनं भात मऊ कालवायला घेतला.