बास्केटबॉलची स्कॉलरशिप की कॉलेजची मदत? डिव्हिजन थ्री आणि एनएआयए यांतला फरक

मागच्या वर्षी मार्चमध्ये भाचीचा फोन आला. "मावशी, दोन कॉलेजांची पत्रं आलीत. दोन्हींतले पैसे जवळजवळ सारखेच आहेत. बाबा म्हणतात, दोन्ही बास्केटबॉलच्या स्कॉलरशिपच आहेत. मग एका कोचनं 'आम्ही खेळासाठी पैसे देत नाही' असं का सांगितलं?"

ती तेव्हा अमेरिकेत बारावीत होती, पॉइंट गार्ड खेळायची, म्हणजे चेंडू पुढे आणून टीमचा खेळ रचणारी. दोन्ही कॉलेजं लहान, दोन्ही खाजगी. जिम सारख्याच, लाकडी बाकांच्या, आवाज घुमणाऱ्या. पण एक कॉलेज एनसीएएच्या, म्हणजे अमेरिकेतल्या कॉलेज-खेळांच्या सर्वांत मोठ्या संघटनेच्या, डिव्हिजन थ्रीमधलं, बोलण्यातलं 'डी-थ्री', आणि दुसरं एनएआयए या दुसऱ्या संघटनेचं. आपल्या लोकांत या दोन्हींना सरसकट 'छोट्या कॉलेजची टीम' म्हणतात आणि विषय संपतो. मी अमेरिकेत राहते आणि अशा जिममध्ये बरेच हिवाळे बसून काढले आहेत, म्हणून हे नीट मांडावंसं वाटतं. या एका गफलतीपायी घराघरांत चुकीचे हिशेब होताना मी पाहिले आहेत.

आधी एक गैरसमज दूर करू. डिव्हिजन म्हणजे इयत्ता नव्हे. युरोपातल्या फुटबॉलसारखं जिंकलं की वर चढायचं आणि हरलं की खाली घसरायचं, असं इथे काही नसतं. कुठल्या डिव्हिजनमध्ये राहायचं हे कॉलेज स्वतः ठरवतं. खेळावर किती खर्च करायचा आणि खेळाडूंना त्यासाठी पैसे द्यायचे का, यावरून ते ठरतं. एनसीएएनं 1973 साली आपल्या सभासद कॉलेजांचे तीन भाग केले. डिव्हिजन वन आणि टू खेळासाठी स्कॉलरशिप देऊ शकतात, थ्री देत नाही. आज सभासद कॉलेजांची संख्या सर्वांत जास्त आहे ती याच थ्रीमध्ये, चारशेहून अधिक. शिकागो विद्यापीठ, एमआयटी, एमरी, न्यूयॉर्क युनिव्हर्सिटी, विल्यम्स, ॲमहर्स्ट ही सगळी बास्केटबॉलमध्ये डी-थ्री आहेत. ही नावं ऐकल्यावर 'तिसऱ्या दर्जाचं' म्हणायला जीभ वळत नाही.

एनएआयए ही एनसीएएची डिव्हिजनच नाही. ती पूर्णपणे वेगळी संघटना आहे. स्वतःचे नियम, स्वतःच्या राष्ट्रीय स्पर्धा, स्वतःचं पात्रता केंद्र. सभासद कॉलेजं अडीचशेच्या आसपास, बहुतेक खाजगी आणि लहान, त्यातली बरीच चर्चशी जोडलेली. आणि एनएआयएची कॉलेजं खेळासाठी स्कॉलरशिप देऊ शकतात. भाचीच्या पत्रांचा सगळा घोळ याच ठिकाणी होता.

दोन्ही पत्रं आम्ही व्हिडिओ कॉलवर समोर ठेवून वाचली. आकडे गोल करून सांगते. दोन्हीकडे वर्षाचा एकूण खर्च साधारण 52,000 डॉलर. डी-थ्रीच्या पत्रात दोन ओळी होत्या: गुणवत्तेसाठी 22,000 आणि कौटुंबिक उत्पन्न पाहून 8,000. एनएआयएच्या पत्रात तीन ओळी: गुणवत्तेसाठी 13,000, गरजेनुसार 5,000 आणि 'ॲथलेटिक' म्हणून 12,000. बेरीज दोन्हीकडे 30,000. जिजूंनी बेरीज पाहिली होती. बघायला हव्या होत्या त्या ओळी.

डी-थ्रीचा नियम इतका कडक आहे की मदत ठरवताना खेळातलं कौशल्य, संघातला सहभाग किंवा कामगिरी विचारातच घ्यायची नाही. खेळाडूंना इतर विद्यार्थ्यांपेक्षा झुकतं माप मिळत नाही ना, याची आकडेवारी कॉलेजला एनसीएएकडे दरवर्षी द्यावी लागते. म्हणून तिथली कोच पैशांचं वचन देऊ शकत नाही. ती प्रवेश समितीला 'ही मुलगी मला हवी आहे' असं सांगू शकते, आणि लहान कॉलेजात त्या शब्दाला वजन असतं. पण तो शब्द म्हणजे प्रवेश नव्हे आणि पैसा तर नव्हेच. याची दुसरी बाजू मला फार मोलाची वाटते. उद्या मुलीनं खेळ सोडला, कोचशी जमलं नाही, गुडघा गेला, तरी त्या 30,000 मधला एकही डॉलर बास्केटबॉलमुळे जात नाही. गुणवत्तेच्या पैशाला मार्कांची अट असते, ती राहते. भाचीच्या पत्रात 4 पैकी सरासरी 3.0 टिकवण्याची होती.

एनएआयएच्या पत्रातले ते 12,000 मात्र खेळाला बांधलेले. अशी स्कॉलरशिप साधारणपणे एका वर्षापुरती असते आणि पुढच्या वर्षी नव्याने ठरते. यात लबाडी काही नाही, तो उघड करार आहे. कोचच्या हातात ठरावीक रक्कम असते आणि ती तुकडे करून बऱ्याच जणींत वाटली जाते. पूर्ण खर्च भागवणारी स्कॉलरशिप फार थोड्यांच्या वाट्याला येते. मात्र ज्या मुलीचे मार्क बेताचे आहेत पण हातात खेळ आहे, तिला एनएआयएत जे मिळतं ते डी-थ्रीत मिळण्याचा मार्गच नाही. भाचीच्या क्लबमधली तिची जिवलग मैत्रीण नेमकी अशीच होती. तिला डी-थ्री परवडलंच नसतं. ती एनएआयएत गेली, आणि घरातली कॉलेजला जाणारी ती पहिलीच.

आता रोजच्या जगण्याकडे येते, कारण दोघींचे फोन ऐकताना मला सगळ्यात जास्त गंमत वाटते ती इथली. नाव सांगितलं नाही तर कुठली मुलगी कुठल्या कॉलेजातली हे ओळखू येणार नाही, इतके दिवस सारखे. सकाळी सहाला वेट्स. आठला पहिला तास. दुपारी लॅब, साडेचारला प्रॅक्टिस, मग फिल्म म्हणजे मॅचचं रेकॉर्डिंग बघणं, मग मेस बंद व्हायच्या आत धावत जाऊन जे उरलं असेल ते. बाहेरची मॅच असली की दुपारी दोनला बस. त्याआधी ट्रेनरच्या टेबलापाशी घोट्याला टेप लावून घ्यायला रांग. बसमध्ये एकीच्या फोनचं इंटरनेट चौघी वापरतात, आणि डोंगर आला की चौघींची असाइनमेंट एकदमच अडकते. रात्री बारानंतर परत. तरी लगेच झोप नाहीच. आपला नंबर असलेल्या पट्ट्यात मोजे, शॉर्ट्स, टॉवेल अडकवून तो धुण्याच्या गाडीत टाकायचा, नाहीतर उद्या ओले कपडे घालायचे. भाची सांगते, थकून झोपलेल्या बसमधून उतरताना सगळ्यांच्या आधी कप्तान उठते आणि प्रत्येक सीटखाली हात घालून राहिलेल्या बाटल्या गोळा करते. हे तिला कुणी सांगितलेलं नाही.

नाताळची सुट्टी हा एक वेगळाच अनुभव. बास्केटबॉलचा सीझन दोन्ही सेमिस्टरवर पसरतो, त्यामुळे सगळं कॉलेज घरी गेलेलं असतं आणि हॉस्टेलच्या मजल्यावर फक्त टीमच्या दिव्यांचा उजेड. मेस बंद. कोच जेवणाचे थोडे पैसे देते, मुली कॉमन किचनमध्ये पास्ता शिजवतात. दोघीही म्हणतात की टीम खऱ्या अर्थाने त्या दोन आठवड्यांत घडली.

फरक दिसतो तो वर्गाची आणि प्रॅक्टिसची वेळ एकमेकींवर आली की. डी-थ्रीत भाचीची लॅब मंगळवारी साडेपाचपर्यंत चालायची. कोचनं सांगितलं, लॅब संपवून ये, शेवटचा तास कर. तिच्या मैत्रिणीला वेळापत्रक लावताना आधी प्रॅक्टिसची वेळ सोडून विषय निवडायला सांगितलं होतं. ही दोन कोचांची उदाहरणं आहेत, नियम नव्हे. उलटं सांगणारे कोच दोन्हीकडे भेटतील. पण जिथे कॉलेजनं मुलीच्या खेळासाठी पैसे मोजलेत तिथे मागणी थोडी ताणलेली असणार, हे समजून जावं. सीझन नसताना कोचनं प्रॅक्टिस घेण्यावरही डी-थ्रीच्या मर्यादा जास्त कडक आहेत.

अभ्यासाच्या नियमांत तर गंमतशीर उलटापालट आहे. लोकांना वाटतं डी-थ्री म्हणजे अभ्यासाचं, तर तिथे एनसीएएचा किमान मार्कांचा राष्ट्रीय नियम असेल. तो नाही. विद्यार्थी पूर्णवेळ असावा आणि कॉलेजच्या स्वतःच्या निकषांनी त्याची प्रगती बरी असावी, एवढंच. उलट एनएआयएत मागच्या दोन सेमिस्टरमध्ये मिळून 24 क्रेडिट पास हवेत, हा संघटनेचाच नियम. मैत्रिणीनं एक विषय मध्येच सोडायचं ठरवलं तेव्हा तिनं आधी हा हिशेब केला.

खेळाच्या दर्जाबद्दल मात्र मी कुणाला ठाम उत्तर देत नाही. वरच्या एनएआयए टीम सहसा शरीरानं दणकट आणि वेगवान असतात. वरच्या डी-थ्री टीमचं पासिंग बघत राहावं असं. न्यूयॉर्क युनिव्हर्सिटीच्या मुलींनी 2024 आणि 2025 अशी सलग दोन वर्षं एकही मॅच न हरता डी-थ्रीचं विजेतेपद मिळवलं. व्यावसायिक खेळापर्यंत दोन्हीकडून लोक पोचलेत. स्कॉटी पिपेन सेंट्रल आर्कान्सामधून आला आणि डेनिस रॉडमन साउथईस्टर्न ओक्लाहोमा स्टेटमधून, दोन्ही कॉलेजं तेव्हा एनएआयएत. डंकन रॉबिन्सननं सुरुवात विल्यम्समध्ये, म्हणजे डी-थ्रीत केली, मग डिव्हिजन वनमधलं मिशिगन विद्यापीठ आणि पुढे एनबीए. पण ही नावं सांगून कुणी तुमच्या मुलीला भुलवत असेल तर कान टवकारा. बहुतेक मुलींचा शेवटचा सामना हा कॉलेजातलाच असतो.

म्हणून मला या नावांपेक्षा कॅलटेक या विज्ञान-तंत्रज्ञानाच्या विद्यापीठाची गोष्ट जास्त जवळची वाटते. हेही डी-थ्री. त्यांची पुरुषांची टीम आपल्या कॉन्फरन्समधले, म्हणजे नेहमी एकमेकांशी खेळणाऱ्या कॉलेजांच्या गटातले, 310 सामने ओळीने हरली, 1985 पासून थेट 2011 पर्यंत. 22 फेब्रुवारी 2011 ला त्यांनी ऑक्सिडेंटल कॉलेजला 46-45 असं हरवलं, शेवटच्या काही सेकंदांतल्या एका फ्री थ्रोवर. त्या सव्वीस वर्षांत दर हिवाळ्यात पोरं भौतिकशास्त्राचे गृहपाठ उरकून जिममध्ये येत राहिली. त्यांच्या फीमध्ये त्या सामन्यांमुळे एक डॉलरचाही फरक पडला नव्हता.

एनएआयएचा वारसा वेगळा आणि तितकाच अभिमानाचा. ज्यांनी 1891 साली हा खेळ शोधला ते जेम्स नायस्मिथ स्वतः तिच्या जन्माशी जोडलेले आहेत. 1937 साली कॅन्सस सिटीत छोट्या कॉलेजांची स्पर्धा सुरू झाली, त्यातून ही संघटना उभी राहिली. 1948 पर्यंत त्या स्पर्धेत कृष्णवर्णीय खेळाडूंना बंदी होती. आदल्या वर्षी इंडियाना स्टेटचे कोच जॉन वुडन यांनी आपल्या क्लॅरेन्स वॉकर या कृष्णवर्णीय खेळाडूला खेळू देणार नाहीत म्हणून निमंत्रणच नाकारलं होतं. 1948 ला बंदी उठली आणि वॉकर खेळला. पुढे 1953 पासून मुळात कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांसाठी स्थापन झालेल्या कॉलेजांना दार उघडलं, आणि त्यांतल्याच टेनेसी ए अँड आयनं, कोच जॉन मॅक्लेंडन यांच्या हाताखाली, 1957, 58, 59 असं तीनदा लागोपाठ विजेतेपद घेतलं. मॅक्लेंडन कॅन्ससमध्ये नायस्मिथ यांचेच विद्यार्थी. मैत्रीण ज्या संघटनेत खेळते तिची ही पुण्याई तिला मीच सांगितली. ती फोनवर बराच वेळ गप्प होती.

एक गोष्ट दोन्हीकडच्या पालकांनी डोळे उघडे ठेवून बघावी: टीममध्ये नावं किती आहेत. लहान कॉलेजांना विद्यार्थी हवे असतात, आणि प्रत्येक टीम हा विद्यार्थी आणण्याचा रस्ता असतो. वीस-बावीस जणी टीममध्ये, प्रवासाला मात्र सगळ्यांना नेत नाहीत, आणि मॅचमध्ये खेळतात आठ-नऊ. काही ठिकाणी ज्युनियर व्हर्सिटी नावाची दुसरी फळी असते, तीही विचारून घ्यावी. "तुमच्याकडे पॉइंट गार्ड किती आहेत, आणि त्या कितव्या वर्षाला आहेत?" हा प्रश्न भाचीनं दोन्ही कोचना विचारला. एकीनं लगेच नावानिशी सांगितलं. दुसरी म्हणाली, "चांगल्या खेळाडूला जागा असतेच." पहिल्या उत्तरानं तिचं मन अर्धं ठरलं होतं.

उरलेलं अर्धं दुसऱ्या प्रश्नानं ठरलं. मी तिला म्हटलं, हा ईमेलवर विचार, तोंडी नको: "मी दुसऱ्या वर्षी खेळले नाही, तर या पत्रातला कुठला आकडा बदलेल?" डी-थ्रीच्या आर्थिक मदत कार्यालयाकडून एका ओळीचं उत्तर आलं, एकही नाही. एनएआयएच्या कोचनंही प्रामाणिकपणे लिहिलं, की 12,000 ची ओळ दरवर्षी नव्याने बघितली जाते, आणि दुखापत झाल्यास कॉलेज काय करतं तेही सोबत जोडलं. मैत्रिणीनंही तिच्या कॉलेजला तोच ईमेल पाठवला होता. तिच्याकडचं उत्तर छापून तिच्या आईनं फ्रिजवर लावून ठेवलंय.

भाची डी-थ्रीत गेली. पहिल्या वर्षी सगळ्या सीझनमध्ये मिळून एकोणतीस मिनिटं खेळली. ती मोजलीत तिनंच. यंदा ऑक्टोबरमध्ये परत तोच पट्टा, तोच नंबर, सकाळी सहाचे वेट्स.